दिनविशेषाच्या बाई

“मारामाऱ्या वर, मेलेले मध्ये, जन्मलेले खाली,” असं पुटपुटत बाई रोज सकाळी शाळेच्या पडवीतल्या फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढत. पट्टी वगैरे काही नाही. फळ्याच्या एका टोकाला खडू टेकवायचा आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. मग दोन पावलं मागं सरकून, मान तिरकी करून त्या रेघेकडं बघत आणि समोर कुणी असो नसो, विचारत, “पुढं?”

तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर परिपाठातला दिनविशेष तुम्हाला आठवत असेल. प्रार्थना झाली, सुविचार झाला, की एक मुलगा पुढं येऊन घडाघडा म्हणतो, आजच्या दिवशी अमुक लढाई झाली, अमुक पुढारी वारले, अमुक शास्त्रज्ञ जन्मले. ऐकणाऱ्यांचं लक्ष पायाखालच्या मुंग्यांकडं असतं. आमच्या शाळेत तसं नव्हतं. आमच्याकडं दिनविशेष हा खरा वर्ग होता आणि तो बाईंचा होता.

शाळा लोणावळ्याहून डोंगराच्या अंगाला गेलं की लागणाऱ्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे ते गावाला आवडणार नाही. मी लोणावळ्यातून मोटारसायकलवर तिथं शिकवायला जायचो. माझे अब्बा चिक्कीच्या कारखान्यात कढईवर होते. पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं, “सर, तुमचा जन्म कधीचा?” मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, “बरा दिवस आहे. एक राजा मारला, एक बोट बुडाली, पण एवढंच.”

जन्म खाली लिहायचे याचं कारण साधं होतं. पहिलीची पोरं बुटकी. त्यांची नजर फळ्याच्या खालच्या भागापर्यंतच पोचायची. “त्यांना आल्या आल्या मुडदे कशाला दाखवायचे?” बाई म्हणत. खालच्या भागात मोठमोठ्या माणसांच्या जोडीला शाळेतल्या ज्या पोराचा वाढदिवस असेल त्याचंही नाव असे. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी फळा वाचला. एका गणितज्ञाच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘सखूमावशीच्या म्हशीला रेडकू.’

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“जन्म,” बाई म्हणाल्या.

“म्हशीचा?”

“रेडकाचा. म्हैस आधीची आहे.”

साहेबही हसले. रेडकू मात्र दिवसभर फळ्यावर राहिलं.

चौथीतल्या एका पोरानं एकदा विचारलं होतं, “बाई, रोजच कुनीतरी कुनाला मारल्यालं असतं का?”

“रोज.”

“एक दिस बी न्हाई तसा?”

“शोध. सापडला तर मला सांग. त्या दिवशी सुट्टी देऊ.”

पोरं महिनाभर पुस्तकं उचकत बसली. कुणी मोबाइलवर शोधलं, कुणी आजोबांना विचारलं. सापडला म्हणून कुणी धावत आलं, की बाई त्या दिवशीची एखादी कत्तल, एखादी फाशी, कुठल्यातरी शहरावर पडलेले बॉम्ब शांतपणे सांगत. पोरगं हिरमुसलं, की त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, “शोधत राहा.”

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, बाई वाचनाच्या नादी लागलेल्या असतील. मलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट मला श्रावणी नावाची एक पोर पहिलीत आली त्या वर्षी कळली.

बाई त्याच गावच्या सून. त्यांच्या सासरची जमीन डोंगराच्या उतारावर, जिथून सगळी दरी दिसते अशी. आधी तिथं नाचणी व्हायची आणि भांडण व्हायचं ते गुरं घुसली म्हणून. मग बंगलेवाले आले, जमिनीला भाव आला आणि बांधावरचा एक एक दगड मोलाचा झाला. बाईंचे मालक आणि त्यांचा चुलतभाऊ बबन यांचं मोजणीवरून बिनसलं. एका सकाळी बाई शाळेत हजेरी घेत होत्या. बबननं त्यांच्या मालकांना बांधावर गाठलं आणि कोयत्यानं मानेवर, खांद्यावर, हात आडवा आला तर हातावर वार केले. माणूस तिथंच संपला. बबन कोयता घेऊन स्वतःच पोलिसांत गेला.

बाईंनी मला हे सांगितलं ते एखादा धडा समजावून सांगावा तसं. “मी दवाखान्यात बाकावर बसले होते. आत त्यांचं शवविच्छेदन चाललं होतं. वरच्या मजल्यावर एक मूल जन्मलं. रडणं खाली ऐकू आलं. मला एवढंच वाटलं, बरं झालं, कुणाचं तरी सुखरूप झालं. मग नर्स बोलताना कळलं, बबनची बायको होती. नवऱ्याची बातमी ऐकून तिला कळा सुटल्या होत्या.”

ते मूल म्हणजे श्रावणी.

पहिलीत ती आली तेव्हा गावातल्या बायकांना वाटलं होतं, बाई तिला दुसऱ्या कुणाच्या वर्गात घालतील. बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवलं, कारण तिला लांबचं कमी दिसायचं. तिच्या आईला चष्म्याचं त्यांनीच सांगितलं. पण मला पाठवून. स्वतः तिच्या आईशी त्या एक शब्दही बोलत नसत.

एके दिवशी शाळा सुटताना श्रावणी बाईंच्या पदराला धरून उभी राहिली. “बाई, उद्या माजा वाडदिवस हाय. माजं नाव फळ्यावर येनार ना?”

मी आणि मुख्याध्यापक तिथंच होतो. ती तारीख खुनाचीही आहे, एवढं मला गावातून कळलं होतं. आम्हाला कुठं बघावं कळेना. पोरीला काही माहीत नव्हतं. बाईंनी तिच्या दप्तराचा पट्टा नीट केला आणि म्हणाल्या, “सगळ्यांचं येतं ना? मग तुझं का नाही येणार?”

मुख्याध्यापकांनी मागाहून त्यांना रजा घ्यायला सांगितलं. “उद्याचा फळा सर लिहितील,” असंही म्हणाले.

“सरांचं अक्षर वाईट आहे,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा फळा लिहून झाला होता. वर दोन लढाया आणि एक उठाव. मध्ये चार मेलेले. त्यांत बाईंच्या मालकांचं नाव नव्हतं, ते कधीच नसे. खाली एक चित्रकार, एक खेळाडू आणि ‘श्रावणी, इयत्ता पहिली’. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिच्या हातावर पेपरमिंट ठेवलं.

परिपाठ संपला आणि बाई दिसेनात. शाळेमागून सपसप आवाज येत होता म्हणून मी गेलो. घाणेरीचं कुंपण होतं तिथं. बाई हातात बांबू घेऊन ते झोडपत होत्या. पानं, फुलं, काटक्या उडत होत्या. केस सुटले होते, दात आवळलेले होते, घशातून कसलासा आवाज येत होता. मी पुढं झालो नाही. तशा बाईंच्या जवळ जायची माझी हिंमत नव्हती. कुंपणाचा तेवढा तुकडा भुईसपाट झाल्यावर त्यांनी बांबू टाकला, नळावर तोंड धुतलं, केस बांधले आणि मला बघून म्हणाल्या, “चला सर, गणिताचा तास आहे.” दवाखान्यातली ती हकिगत त्यांनी त्याच दुपारी, डबा खाताना सांगितली.

पुढं दर वर्षी तो दिवस आला, की फळ्यावर श्रावणीचं नाव यायचं आणि घाणेरीचं कुंपण तेवढ्याच जागी आडवं व्हायचं. शिपाई म्हणायचा, “बाई हायेत तवर कुंपन छाटायची काळजी न्हाई.” त्याला वाटायचं, बाईंना झाडलोटीची हौस आहे.

बाईंना एक मुलगा, किरण. बाप गेला तेव्हा तो शाळकरी होता. आता तो पर्यटकांना जीपमधून लोहगडाकडं नाहीतर ड्यूक्स नोजच्या कड्याकडं फिरवायचा. मितभाषी, कामाला वाघ. संध्याकाळी मोटारसायकलवर आईला न्यायला यायचा, पण फाटकाच्या आत कधी यायचा नाही. श्रावणी बाहेर पडेपर्यंत तो रस्त्याच्या पलीकडं, पाठ करून उभा राहायचा. बाईंनी त्याला कधी काही म्हटलं नाही. मला एकदा म्हणाल्या, “तो पाठ करून उभा राहतो ना, तोवर ठीक आहे.”

श्रावणी चौथीत गेली त्या वर्षी बबन तुरुंगातून काही दिवसांच्या रजेवर सुटून आला. गावात आधी कुजबुज झाली, मग सगळे गप्प झाले. रजा त्यानं नेमकी कशासाठी मागितली ते मला माहीत नाही. पोरीच्या वाढदिवसाच्या सकाळी मात्र तो तिचं बोट धरून शाळेच्या फाटकातून आत आला. दुसऱ्या हातात चॉकलेटची पिशवी. पोरीनं नवा फ्रॉक घातला होता. बापाला आपली शाळा दाखवायची म्हणून ती त्याला ओढतच आणत होती.

पोरं रांगेत उभी होती. बाई फळ्यापाशी होत्या. त्यांनी वळून बघितलं. बबन थबकला.

“वैनी,” तो म्हणाला.

शाळेत बाई आमच्यासारखं छापील बोलत. त्या वेळी त्यांचं सगळं बोलणं गावाकडं वळलं. “पोरीला रांगेत सोड आन माघारी जा. हितं थांबू नगंस.”

त्यानं मान हलवली, पिशवी पोरीच्या हातात दिली आणि वळला. तेवढ्यात मोटारसायकल फाटकातून थेट आत, बबनच्या मागपर्यंत आली. किरणनं ती धड उभीही केली नाही, पडू दिली. सीटखालून कोयता काढला आणि सरळ बबनवर गेला.

पहिला वार खांद्यावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. बबन गुडघ्यावर आला. त्यानं हात वर केले नाहीत. रक्त पहिल्या रांगेतल्या पोरांच्या अंगावर उडालं. पोरं किंचाळायला लागली. मी आणि दुसऱ्या एक शिक्षिका दिसेल त्या पोराला ढकलत वर्गात कोंबत होतो. श्रावणी जागची हलली नाही. तिच्या हातातली पिशवी फुटून चॉकलेटं मातीत पडली होती.

किरणनं कोयता पुन्हा उचलला. हा वार मानेवर येणार हे दिसत होतं. तेवढ्यात बाई मधे शिरल्या. त्यांनी त्याचा हात धरायला हवा होता, पण तेवढा वेळ नव्हता. त्यांनी सरळ पात्यालाच हात घातला. कोयता उजव्या हातात शिरला. दोन बोटं तिथंच गेली. बाईंनी पातं सोडलं नाही.

“किरण,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. “खाली बस.”

वर्गात दंगा करणाऱ्या पोराला म्हणावं तसंच म्हणाल्या. आणि तो बसला. कोयत्याची मूठ त्याच्या हातातून सुटली. आईच्या हाताकडं बघत तो मातीत मांडी घालून बसून राहिला, पोलीस येईपर्यंत.

बाईंनी पदर हाताभोवती गुंडाळला. मी त्यांच्याकडं धावलो तर म्हणाल्या, “मला नको, सर. आधी पोरीला आत न्या.”

लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. सहलीला आलेल्या दोन मोटारी थांबल्या आणि रक्त बघून निघून गेल्या. शेवटी दुधाची पिकअप मिळाली. रिकाम्या कॅनच्या मधल्या जागेत बबनला आडवं घातलं, शेजारी बाई बसल्या, मी मागच्या फळीला धरून उभा. वळणावर कॅन एकमेकांवर आपटत होते. बबनचे डोळे मिटायला लागले होते.

“वैनी, माफ करा मला,” तो म्हणाला. “लय वंगाळ क्येलं मी.”

“गप पड,” बाई म्हणाल्या. “बोलू नगंस. रगत जातंय.”

तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. बाई पुन्हा पुन्हा त्याला गप करत राहिल्या. आपला डावा हात त्यांनी त्याच्या खांद्यावरच्या जखमेवर दाबून धरला होता. माफ केलं असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही माझ्या ऐकण्यात नाही.

बबन वाचला. त्याचा एक हात कायमचा लुळा पडला. तो पुन्हा तुरुंगात गेला आणि किरणही गेला.

खटला उभा राहिला तेव्हा गाव एका बाजूला झालं. कुणी काही पाहिलं नाही, असं ठरलं. परिपाठाला हजर असलेल्या शिपायालासुद्धा त्या वेळी पाठ फिरवलेली आठवत होती. बाईंच्या सासूबाई भर दुपारी शाळेच्या फाटकात येऊन बसल्या. “माजा ल्योक त्यानं खाल्ला,” त्या म्हणाल्या, “आता नातू तू खा.” बाई त्यांना पाणी घेऊन गेल्या. त्यांनी तांब्या उलटा केला. बाईंनी तो पुन्हा भरून आणला.

साक्षीसाठी मीही पुण्याच्या कोर्टात गेलो होतो. मी पाहिलं ते सांगितलं. माझ्यानंतर बाई; बोटं त्यांचीच गेली होती, म्हणून वजन त्यांच्या शब्दाला होतं. किरणच्या वकिलांनी त्यांना फार सांभाळून विचारलं. त्यांना एवढंच हवं होतं, की गोंधळात पहिला वार कुणी केला ते नीट दिसलं नाही, असं बाईंनी म्हणावं. एका शब्दावर पोरगा सुटला असता किंवा निदान तशी आशा होती. किरण मागं दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता.

“पहिला वार झाला तेव्हा वार करणारा पाठमोरा होता ना?” वकिलांनी विचारलं.

“होता.”

“मग चेहरा दिसला नसेल.”

“पाठमोराच ओळखते मी त्याला. रोज तसाच उभा राहायचा.”

वकिलांचा आवाज बदलला. “ज्यानं तुमच्या मालकांना मारलं, त्या माणसाला वाचवायला तुम्ही स्वतःचा हात दिलात. असं का, हे कोर्टाला सांगाल?”

“त्याला वाचवायला मी नव्हते गेले,” बाई म्हणाल्या. “माझ्या पोराच्या हातून माणूस मरू नये म्हणून गेले होते.”

किरणनं मान खाली घातली. पुन्हा वर केली नाही. त्याला काही वर्षांची शिक्षा झाली. बाहेर पायऱ्यांवर बाई बसल्या आणि मी चहा आणला. त्यांना कप डाव्या हातात धरायची अजून सवय झाली नव्हती. चहा साडीवर सांडला. “बघा,” त्या म्हणाल्या, “पहिलीत बसायला हवं मला.”

आणि खरंच त्या पहिलीतल्या पोरांबरोबर पाटी घेऊन बसल्या. डाव्या हातानं अ, आ, इ गिरवायच्या. पोरांना त्याची फार मजा वाटायची. “बाई, तुमचा ग उलटा आला,” असं कुणी म्हटलं, की त्या पुसून पुन्हा काढायच्या. पुढच्या वर्षी तो दिवस आला तेव्हा फळा त्यांनीच लिहायला घेतला. अक्षर वाकडं, रेघा उताराला लागलेल्या.

श्रावणी तेव्हा पाचवीत होती. घरातून तिला सगळं कळलं होतं. त्या सकाळनंतर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती फळ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, माजं नाव नगा लिहू.”

“का गं?”

“या दिवशी समदं वाईटच झालंय.”

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना त्या पोरीला जवळ घेताना पाहिलं. “वाईट झालं ते तुझ्या नावाच्या वर लिहू,” त्या म्हणाल्या. “मी लिहिते. खालचं तू लिही.”

मग बाईंनी फळ्याच्या मधल्या भागात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपल्या मालकांचं नाव लिहिलं. डाव्या हातानं ते लिहायला बराच वेळ लागला. खाली श्रावणीनं स्वतःचं नाव लिहिलं. त्या वर्षी घाणेरीचं कुंपण तसंच राहिलं आणि शिपायाला ते छाटावं लागलं.

बाई निवृत्त झाल्या आणि लोणावळ्यात एका खोलीत राहायला आल्या. गावात त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं. तुरुंगात भेटीची परवानगी असेल त्या दिवशी त्या पुण्याला जायच्या. किरण भेटायला बाहेर यायचा नाही. आत निरोप जायचा, आतून नकार यायचा. बाई वेळ संपेपर्यंत बसायच्या आणि परत यायच्या. “तो पलीकडं आहे एवढं कळतं,” असं म्हणायच्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि शेजारीण रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. शाळेच्या ग्रुपवर फोटो आला, आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं.

त्याच्या थोडं आधी लोणावळा स्टेशनवर त्या मला भेटल्या. पुण्याहूनच येत होत्या. बाकावर बसल्या होत्या आणि चेहरा काहीतरी वेगळा होता. मी शेजारी बसलो.

“आज आला होता,” त्या म्हणाल्या.

“किरण?”

“काचेपलीकडं बसला. फोनवर बोलायचं असतं तिथं. बराच वेळ त्यानं फोन उचललाच नाही. मी इकडं कानाला लावून बसलेली. मग उचलला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, हात दाखव.”

“दाखवला,” बाई म्हणाल्या. “असा.”

आणि त्यांनी तो तीन बोटं राहिलेला हात वर उचलला. आधी तळवा दाखवला, मग हात फिरवून मागची बाजू, मग पुन्हा तळवा. सावकाश, काच समोर असावी तसा. फलाटावरून पुण्याची लोकल नुकतीच सुटत होती. दारात उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला वाटलं, आपल्यालाच निरोप देताहेत. ती हसली आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.